बोटीनं जाऊन काठावर मुक्काम: कोयनेच्या पाण्यावरचे नियम आणि रीतभात

बामणोलीच्या धक्क्यावर शनिवारी सकाळी उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पलीकडं कुठं तरी मोकळ्या जागेत सोडा की, तंबू आहे आमच्याकडं." सोडणारा बोटवाला हसतो आणि विषय बदलतो. कारण पलीकडची ती मोकळी जागा मोकळी नसते. शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाची प्रत्येक वीत कोणाच्या तरी नावावर आहे: कुठं वनखात्याच्या, कुठं जलसंपदा विभागाच्या, कुठं गावकीच्या, तर कुठं एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. बोटीनं जाऊन मुक्काम करायचा तर पहिलं काम तंबू विकत घेणं नव्हे. आपण कोणाच्या काठावर उतरणार आहोत हे आधी ठरवायचं, बाकीचे निम्मे नियम त्यातूनच कळतात.

हा लेख मुख्यतः कोयनेच्या पाण्याबद्दल आहे, म्हणजे बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे हा भाग. धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांना यातलं बरंचसं लागू पडतं. चांदोलीला काय चालत नाही तेही पुढं येईल.

काठ कोणाचा, हे आधी

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला आहे. दक्षिणेला हेळवाकजवळ धरणाची भिंत, उत्तरेला तापोळ्याकडं कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम. पाणी एकच असलं तरी त्याच्या काठांचे ढोबळमानानं चार प्रकार पडतात.

पहिला अभयारण्याचा. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याचा पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. २०१० साली ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली दोन्ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेली. इथं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्याच्या कलम २७ प्रमाणं परवान्याशिवाय आत पाऊलही टाकता येत नाही आणि त्याच कलमात आत कचरा टाकायलाही बंदी आहे. कलम ३० आगीबद्दलचं, ३१ शस्त्रांबद्दलचं. या काठावर पर्यटकांना रात्रीचा मुक्काम नाही. "आम्ही काही करणार नाही, नुसतं झोपणार" हा युक्तिवाद चालत नाही. रात्र तिथल्या जनावरांची आहे आणि पाण्यावर यायची त्यांची वेळही तीच.

दुसरा काठ गावांचा. बामणोली, तापोळा, शेंबडी आणि आसपासच्या वाड्या. मुक्काम करायचा तो इथं. यातली काही गावं व्याघ्र प्रकल्पाच्या बफर पट्ट्यात येतात, म्हणून जंगलात भटकायची मोकळीक इथंही गृहीत धरू नका. तापोळ्याच्या बाजूला महाबळेश्वर तालुका लागतो आणि तो अख्खा तालुका २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. डोंगर फोडणं, झाडं तोडणं यावर तिथं जादा बंधनं आहेत.

तिसरा काठ फसवा. पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती जमीन. धरणाची पूर्ण संचय पातळी २१६३ फूट. त्या रेषेखालची जमीन संपादित झालेली, म्हणजे सरकारी. पावसाळ्यानंतर पाणी तिथवर असतं. मग वीजनिर्मितीसाठी ते पश्चिमेकडं वळवलं जातं, सिंचनासाठी पूर्वेकडं सोडलं जातं आणि उन्हाळ्यापर्यंत काठ कित्येक मीटर खाली सरकतो. मधला मोठा उतार गवतानं हिरवागार होतो आणि लोकांना वाटतं, हीच ती सार्वजनिक जागा. पण धरणांच्या काठची ही गाळपेर जमीन बऱ्याच ठिकाणी कसायला दिलेली असते. कडधान्याची चार पानं फुटलेल्या तुकड्यावर कोणी तंबूच्या खुंट्या ठोकल्या की त्या कुटुंबाचं वर्षाचं कडधान्य जातं. तिथं बांध नाही, कुंपण नाही, पाटी नाही, त्यामुळं शहरातून आलेल्या माणसाला ते शेत वाटतच नाही. जमिनीवर नांगराच्या किंवा कुदळीच्या ओळी दिसतात का बघा. दिसल्या तर दुसरी जागा.

चौथा काठ धरणाच्या भिंतीजवळचा. तो प्रतिबंधित आहे, तिकडं बोट न्यायची नाही. भिंतीकडं ड्रोन उडवणं तर दूरच, कॅमेरा रोखण्याआधीही विचारून घ्या.

सांगलीकरांसाठी एवढंच: चांदोलीला वारणेच्या पाण्याकाठी, म्हणजे वसंतसागरच्या आतल्या बाजूला, तंबूचा विचार सोडून द्या. ते राष्ट्रीय उद्यान आहे. परवान्यानं दिवसा फिरून या. आणि खुद्द कृष्णेच्या काठी, भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या डोहांत मगरी आहेत. तिथं पाण्यालगत झोपायचं धाडस मी तरी कोणाला सुचवणार नाही.

कधी जायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. त्या काळात पाणी वर असतं, काठ बऱ्यापैकी पक्का असतो आणि आभाळ निवळलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुकं इतकं दाटतं की पन्नास फुटांवरची बोट दिसत नाही. सकाळी सहाला निघायचा बेत आखू नका, धुकं उठल्याशिवाय चांगला बोटवाला निघत नाही. थंडीही कडक असते, साताऱ्याच्या अंदाजानं कपडे नेले तर रात्रभर कुडकुडाल.

मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळतं. हा वणव्यांचा काळ. पाणीही उतरलेलं असतं आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. विजा, सुसाट वारा आणि पाण्यावर अचानक उठणाऱ्या लाटा. त्या वेळी जलाशयाच्या मधोमध बोटीत असणं म्हणजे काय ते एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा मे महिन्यात दुपारी बोट काढत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, वासोट्याची वाट वनखातंच बंद ठेवतं.

हंगामात कासचं पठार वाटेत लागतं. फुलांच्या दिवसांत तिथं गर्दी आवरायला बुकिंग लागतं आणि रस्ता तुंबतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला पोचायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरा. कास तलाव सातारा शहराला पिण्याचं पाणी देतो. तिथं तंबू, पोहणं, भांडी धुणं यातलं काहीही नको.

परवानगी कोणाकडून

वासोटा करायचा असेल तर बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, सगळ्यांची नावं, प्रवेश शुल्क, मग बोट. बोट तास-दीड तासानं गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला लावते. तिथं सामान तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजतात आणि परतताना तेवढीच परत आहेत का बघतात. या मोजणीवर वैतागणारे लोक मी पाहिले आहेत. मला ती या अख्ख्या सहलीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. अंधाराच्या आत गड उतरून, बोटीत बसून परत फिरायचं. मुक्काम अलीकडच्या काठाला.

गावाच्या काठावर राहायचं तर दोन रस्ते. एक म्हणजे तिथं तंबूची सोय करणाऱ्या स्थानिकांकडं उतरणं. जागा त्यांची, स्वच्छतागृह त्यांचं, जेवण त्यांचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच करावं. दुसरा म्हणजे स्वतःचा तंबू घेऊन गावात जाणं. मग जमीनमालकाला विचारायचं, आणि जागा सार्वजनिक असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं. पोलीस पाटलांना सांगणं ही औपचारिकता समजू नका. रात्री काठावर बॅटरी दिसली तर गाव आधी मासेचोर किंवा शिकारी समजतं. तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि किती माणसं आहेत एवढं त्यांच्याकडं असलं की तुम्हीही निवांत आणि गावही.

विचारताना पैशांचा विषय तुम्हीच काढा. गावाकडं पाहुण्याकडं पैसे मागायला लोक संकोचतात. "राहा की, त्यात काय" असं म्हणतात. राहावं आणि जाताना जागेचे, पाण्याचे, जळणाचे मिळून हातावर ठेवावेत. ते "कशाला, कशाला" म्हणतील, तरीही ठेवावेत.

स्वतःची कयाक किंवा हवेची बोट घेऊन यायची हौस अलीकडं वाढली आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, त्यात आपली होडी टाकायला परवानगी लागते. ती हातात नसेल तर स्थानिक बोटीनंच जा. मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं, पाण्यावरच्या खेळांची हौस तिथं भागवता येईल.

बोट ठरवताना आणि बोटीत

बोट क्लबचे दर ठरलेले असतात आणि फलकावर लावलेले असतात. घासाघीस करायची जागा ती नव्हे. विचारायच्या गोष्टी वेगळ्या. या बोटीत किती माणसं बसतात? जॅकेटं तेवढी आहेत का? परत न्यायला कोण, किती वाजता येणार? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पलीकडं उतरल्यावर फोनला रेंज नसण्याचीच शक्यता जास्त. वेळ आणि जागा दोन्ही पक्कं करा. "त्याच जागी" म्हणू नका. "आंब्याच्या झाडाखालच्या खडकाजवळ, दहा वाजता" असं सांगा.

लाइफ जॅकेट अंगावर घालायचं असतं, मांडीवर ठेवायचं नसतं. तिन्ही बकल लावा. मग खांद्याजवळचे पट्टे धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून चालत नाही. मुलाच्या मापाचं नसेल तर मुलानं त्या बोटीत बसायचं नाही. यात तडजोड नको, मग बोटवाला कितीही म्हणो "काय होत नाही ओ".

जड सामान मध्ये आणि खाली. पाठीवरची सॅक काढून ठेवा, तिचा कमरेचा पट्टा तर मुळीच लावू नका. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला झुकले की बोट तिकडं कलते आणि घाबरून सगळे दुसरीकडं धावले की मग खरी पंचाईत होते. उभं राहायचं ते नावाड्यानं सांगितल्यावरच.

पाण्यात काळे-पांढरे तरंगते डबे किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं दिसले तर ती मासेमारीची जाळी. स्थानिक नावाडी वळसा घालतोच. तुम्ही कयाकमध्ये असाल तर तुम्हीही घाला. एक जाळं फाटलं की तिथल्या माणसाची कित्येक दिवसांची कमाई जाते. पाणी उतरलेलं असताना जुन्या झाडांची खोडं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असतात. कुठं ती आहेत हे तिथल्याच माणसाला माहीत असतं. म्हणून इंजिनाची बोट भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा हट्ट करू नये.

काठावर उतरताना

एप्रिलमधला काठ. वरून बघितलं तर वाळलेला, भेगाळलेला, पाय ठेवावा असा गाळ. आमचा नावाडी इंजिन बंद करतो, लांब बांबू उचलतो आणि काठाला लागायच्या आधी तो गाळात रोवतो. वरची दोन बोटं करकरीत, त्याखाली बांबू लोण्यासारखा खाली जातो. "हितं न्हाई. पाय मांडीपर्यंत जाईल." बोट मागं घेतो, तीस-चाळीस हात पुढं जातो, पुन्हा बांबू. यावेळी टोक खटकन मुरमाला लागतं. "उतरा आता. एकेक." या दोन मिनिटांची घाई करणाऱ्यांचे बूट मी गाळातच राहिलेले पाहिले आहेत.

तुम्ही स्वतः उतरत असाल तर खडक, मुरूम किंवा मुळं असलेलं गवत बघा. सपाट चकचकीत गाळ टाळा. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका, अंग मागं टाकून वजन पसरा आणि पाय हळूहळू वळवत सोडवा. दोर बांधायला जिवंत झाडाची कोवळी फांदी नको, दगड किंवा जाड मूळ बघा.

पोहण्याबद्दल इथंच सांगतो. या पाण्याखाली कोयनाकाठची जुनी शेतं आहेत. डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या पायऱ्या तशाच खाली गेल्या. त्यामुळं गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढच्या पावलाला छातीभर पाणी लागतं. बांध संपला हे वरून कळत नाही. नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला उतार हळूहळू खोल होण्याची सवय असते, इथं ती दगा देते. पाण्यात जायचंच असेल तर जॅकेट घालून, दिवसा, काठावर कोणी तरी लक्ष ठेवायला असताना. जेवल्यावर नाही, अंधार पडल्यावर नाही आणि दारू प्यालेल्यानं तर नाहीच.

तंबूची जागा

काठाला समांतर एक रेषा बघा: वाळक्या काटक्या, पालापाचोळा, बाटल्यांची झाकणं, थर्माकोलचे मणी. पाणी शेवटचं तिथवर आलं होतं. तंबू त्या रेषेच्या वर. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात ही रेषा रात्रीतही वर सरकू शकते. ओढ्याच्या तोंडाशी, ओहोळाच्या कोरड्या पात्रात, पाण्यावर जाणाऱ्या पायवाटेवर तंबू लावू नका. ती पायवाट दिवसा गुरांची असते आणि रात्री गव्यांची किंवा डुकरांची असू शकते. ओल्या मातीत खूर उमटलेले दिसले की पन्नास-साठ पावलं बाजूला व्हा.

धरणाखालच्या बाजूला, म्हणजे पाटण-कराडकडं नदीपात्रात राहायचा विचार असेल तर तो सोडा. उन्हाळ्यातही सिंचनासाठी पायथा वीजगृहातून २१०० क्युसेकपर्यंत पाणी सोडलं जातं. संध्याकाळी कोरडा दिसलेला खडक पहाटे पाण्याखाली असतो. धोम, कण्हेरच्या खाली कृष्णा-वेण्णेच्या पात्रातही तोच धोका.

देवराई दिसली, दगडावर शेंदूर दिसला, झाडाला बांधलेली घंटा दिसली, तर तिथं तंबूही नको आणि लघवीलाही जायचं नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही ठिकाणी जुन्या वस्त्यांचे चौथरे, जोती, देवळांचे दगड उघडे पडतात. ते कोणाचं तरी घर होतं. त्या घरांतले लोक विस्थापित झाले आणि पुनर्वसनासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांना आजही भांडावं लागतंय. त्या चौथऱ्यावर चूल मांडून बार्बेक्यू करू नये, दगड उचलून घरी नेऊ नये.

चूल आणि जळण

अभयारण्यात आग नाही. गावाच्या काठावरही मार्चनंतर मी उघडी शेकोटी लावत नाही, छोटा गॅस पुरतो. एरवी लावायचीच तर गवत नसलेल्या जागी, तंबूपासून आणि झाडापासून लांब, वाऱ्याला आडोसा करून. मोठ्या होळीची गरज नसते. हात शेकायला ढोपराएवढी ज्वाळ पुष्कळ.

जळण जंगलातून तोडायचं नाही. पडलेलं लाकूडही गावकऱ्यांच्या वाट्याचं असतं. एक मोळी विकत घ्या, तेवढीच तिथल्या घराला मदत. विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हाताचा मागचा भाग वर धरून बघा. धग लागली तर काम झालेलं नाही. वाऱ्यानं उडालेली एक ठिणगी वाळल्या गवतात गेली की अख्खा डोंगर काळा होतो आणि तो विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन गावातलीच पोरं धावतात, पर्यटक नव्हेत.

पोट, हात आणि भांडी

सगळे टाळतात तो विषय. काठावर एका हंगामात शेकडो लोक राहतात आणि तेच पाणी गावं वापरतात. शौचाला पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे ऐंशीएक पावलं दूर. वीतभर खोल खड्डा, वर माती. त्यासाठी सॅकमध्ये छोटं खुरपं ठेवा, साताऱ्याच्या बाजारात मिळतं. कागद, ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत. रानडुक्कर ते उकरतं आणि मग सकाळी गावातल्या बाईला ते तिच्या शेतात सापडतं. हे सगळं घट्ट पिशवीत बांधून परत.

भांडी पाण्यात नेऊन घासायची नाहीत. बादलीत पाणी वर आणा, राखेनं घासा, खरकटं पाणी काठापासून लांब मातीत ओता. साबण-शाम्पूचा फेस जलाशयात सोडून आंघोळ करणं तर सरळ अडाणीपणा आहे. थर्माकोलच्या ताटल्या आणि एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ते मुळात आणूच नका. स्टीलची ताटं जड वाटतात, पण धुतली की काम संपतं.

जेवण गावातच सांगा. आदल्या दिवशी कळवलं तर पिठलं, भाकरी, ठेचा आणि मिळाले असतील तर जलाशयातले मासे. अर्ध्या तासात पंधरा माणसांचं जेवण मागणं हा तिथल्या बाईवर अन्याय आहे. तिला पीठ दळून आणायलाही वेळ लागतो. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजता, एवढं स्पष्ट सांगा आणि मग त्या वेळेला हजर राहा.

उरलेलं मटण, हाडं, अंड्याची टरफलं तंबूबाहेर ठेवून झोपू नका. कुत्रं येईल, कुत्र्यामागं बिबट्या येईल. आपला पाळीव कुत्रा आणायचाच नाही.

रात्र

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम देशभर आहे. पाण्यावर आवाज फार लांब जातो. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरवरची लावणी समोरच्या काठावरच्या घरात स्पष्ट ऐकू येते, शब्दासकट. तिथल्या माणसाला पहाटे चारला जाळी काढायला जायचं असतं. मला विचाराल तर स्पीकर दहापर्यंतही नको. फटाके नकोत. "बिबट्या दिसतो का बघू" म्हणून झाडीत प्रखर बॅटरी मारत फिरणं जनावरांना त्रास देणं आहे आणि अंगाशी येणारं आहे.

तंबूची चेन बंद ठेवा. बूट आत घ्या किंवा सकाळी झटकून घाला. या दगडाळ भागात फुरसं असतं, घोणस, मण्यार असतात. लघवीला उठताना बॅटरी पायाशी मारत चला. लहान मुलं मधल्या तंबूत, मोठ्यांच्या मध्ये.

काही झालंच तर

अभयारण्यात काही घडलं, वणवा दिसला किंवा जनावर अडचणीत दिसलं तर वनविभागाचा १९२६. पोलीस, आग, बुडणं, सगळ्याला ११२. रुग्णवाहिकेला १०८. पण रेंज नसेल तर हे आकडे कागदावरच राहतात. म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी उजेडात एक गोष्ट विचारून ठेवा: इथं फोन कुठं लागतो? बहुतेक वाड्यांत एखादा उंचवटा, एखादं देऊळ ठरलेलं असतं. दुसरी गोष्ट: रात्री बोट काढावी लागली तर कोणाच्या दारावर जायचं?

साप चावला तर चावलेला भाग हलवू नका, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, अंगठी-कडं-घड्याळ काढा. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक, काहीही नाही. सापाला मारायला किंवा पकडायला जाऊ नका. थेट दवाखान्यात. सर्पदंशावर लस देणं आणि नंतर लक्ष ठेवणं यासाठी साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय गाठायची तयारी ठेवा. काठावरून गाडीपर्यंत बोट, मग कासचा घाट, हा वेळ मनात धरूनच मुक्कामाची जागा निवडा. दम्याचा, हृदयविकाराचा माणूस सोबत असेल तर गाडी पोचते अशाच काठावर राहा.

सकाळी निघताना

खुंट्यांचे खड्डे बुजवा. चुलीचे दगड जिथून उचलले तिथं ठेवा, काळी बाजू खाली. राख गार असेल तर पसरून टाका, पाण्यात नाही. मग सगळे एका ओळीत उभे राहा आणि जागेवरून हळूहळू चाला, नजर जमिनीवर. बाटलीचं झाकण, चिप्सच्या पाकिटाचा कोपरा, दोऱ्याचा तुकडा, सिगारेटचं थोटूक. उभ्यानं सापडत नाहीत, चालताना सापडतात.

कचऱ्याची पिशवी बामणोलीच्या किंवा तापोळ्याच्या कोपऱ्यात ठेवून पळू नका. तिथल्या ग्रामपंचायतीकडं शहराएवढ्या घंटागाड्या नाहीत. आपला कचरा आपल्या गाडीत, साताऱ्यापर्यंत किंवा घरापर्यंत. पिशवीला वास येतो म्हणून जाड दुहेरी पिशवी आणि टिकाऊ गाठ.

बोटवाल्याचे राहिलेले पैसे धक्क्यावर उतरल्यावर द्या, पण पुढच्या फेरीसाठी खोळंबलेले लोक असतील तर आधी सामान झटपट उतरवा. कांदाटी खोऱ्यातल्या काही गावांना ही लाँच म्हणजे एसटी आहे. त्यात शाळेची पोरं असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी असते, सिमेंटची पोती असतात. त्यांना आधी चढू द्या.